थंड इंजिन, जुनी पुंटो

पहाटे ५.१५

लोणी देवकर. पुणे-सोलापूर हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून मिस्त्रींचं गॅरेज. पत्र्याचं शेड, पुढं सिमेंटचा कोबा, भाडं महिन्याला ४,००० रुपये. डिसेंबरची थंडी आहे. मिस्त्रींनी कानाला मफलर गुंडाळलाय आणि ते जुन्या ओम्नीत हत्यारं भरतायत. जॅक, दोन घोड्या, पान्यांचा संच, हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर, टॉर्च, स्कॅनर, एक चुंबक आणि एक पोतं. पोतं गाडीखाली पडायला.

आज बारामतीला जुनी गाडी बघायला जायचंय. बघायची मजुरी १,२०० रुपये, पेट्रोल गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाईक म्हणजे इथल्याच एमआयडीसीतला सव्वीस वर्षांचा मशीन ऑपरेटर. हातात पगार १९,५०० पडतो. आजचा त्याचा खाडा आहे.

त्याला २०१३ ची फियाट पुंटो घ्यायची आहे. डिझेल, ९० हॉर्सपॉवरची. आयटीआयला असताना एका सरांकडे ही गाडी होती, तेव्हापासून मनात बसलेली. गावातली पोरं तिला रेसिंगची गाडी म्हणतात. तिच्याच अंगाची १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ २०१५ मध्ये आली होती. ती या पैशात मिळत नाही, हे त्याला माहीत आहे.

पैसे २,२०,००० आहेत. एक लाख भिशीचे, सत्तर हजार स्वतःचे साठवलेले, पन्नास हजार वडलांनी उसाच्या बिलातून दिलेले. यातच सगळं बसवायचं.

पहाटे ५.५०

हायवेवर धुकं. १९८० मध्ये उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागं पळसदेव-भिगवणपर्यंत पसरलं. थंडीत पहाटे त्या पाण्यावरून धुकं उठतं आणि रस्त्यावर येऊन बसतं. ओम्नीच्या काचेला आतून वाफ धरते. पोरगा फडक्यानं पुसतो, परत धरते. मिस्त्री चाळीसच्या वर जात नाहीत.

डाळजच्या अलीकडं पुढं काहीतरी काळं दिसतं. जवळ गेल्यावर कळतं, उसाची ट्रॉली. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्या, मागं लाल दिवा नाही. रिफ्लेक्टर असेल, पण वाढ्याखाली झाकलाय. मिस्त्री ब्रेक दाबतात, हॉर्न देतात, उजवीकडून काढतात.

“रोज ह्याच वेळेला येतोस ना रं?” ते विचारतात.

“रोज, मामा. साडेपाचला घर सोडतो.” गाव बॅकवॉटरच्या काठाला. कंपनीत येऊन-जाऊन ३६ किलोमीटर. हिवाळ्यात मोटरसायकलवर हातमोज्यांच्या आत बोटं बधिर होतात. गेल्या महिन्यात त्याच्या पाळीतला एकजण अशाच ट्रॉलीला मागून धडकला. पाय मोडला, अजून घरी आहे. तेव्हापासून आई चारचाकीच्या मागं लागलीय. कुठली चारचाकी, ते मात्र पोरानं ठरवलं.

भिगवणला चौकात चहा. दोन कप वीस रुपये. मासळीबाजाराकडं बर्फाचे टेम्पो निघालेत. इथून डावीकडं बारामतीचा रस्ता.

सकाळी ६.४५

बारामती. सोसायटीच्या कडेला पुंटो उभी आहे. लाल रंग, एमएच-१४ पासिंग, म्हणजे पिंपरी-चिंचवडची. मालक दुसरा, इथल्या एमआयडीसीत नोकरीला. सोबत एजंट आहे. तो दोन्हीकडून तीन-तीन हजार घेणार.

मिस्त्रींनी काल फोनवर एकच अट घातली होती. आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही.

म्हणून ते आधी बॉनेटजवळ जातात. टपावर दव आहे, डिकीवर आहे, बॉनेटवरही सारखंच आहे. हाताचा तळवा टेकवतात. गार. मान हलवतात. गरम इंजिन कुणाचंही चालू होतं. हिवाळ्यात रोज पहाटे लागणारी गाडी गारठलेलीच बघायला हवी.

बॉनेट उघडतात. ऑइलची पट्टी काढून पुसतात, परत घालून काढतात. पातळी खालच्या खुणेच्या जरा वर. ऑइल काळं आहे, ते डिझेलला असतंच. झाकणाच्या आत दुधाळ थर नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी उतरलेलं नाही. कुलंटची टाकी बघतात. पाणी रंगीत आहे, वर तेलाचा तवंग नाही.

आता चावी. मीटरमध्ये पिवळ्या वेटोळ्याचं चिन्ह लागतं. हीटर प्लग तापतायत. चिन्ह विझेपर्यंत मिस्त्री थांबतात, मग स्टार्टर मारतात. स्टार्टर जड फिरतो. एक, दोन, तीन. इंजिन लागतं आणि पुढून खडखडाट येतो. दोन सेकंद. मग बंद.

मिस्त्री लगेच खाली उतरतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या चेनकडच्या बाजूला टेकवतात, मूठ कानाला लावतात. डोळे मिटून उभे राहतात. एजंट काहीतरी बोलू लागतो. मिस्त्री मोकळा हात वर करतात, तो गप्प होतो.

“चेन हाय,” ते नंतर पोराला सांगतात. या १.३ लिटरच्या इंजिनात टायमिंगला पट्टा नसतो, चेन असते. ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत दाब यायला क्षण जातो, तेवढा वेळ चेन वाजते. दोन सेकंदांत थांबली तर चालेल. वाजत राहिली असती, तर मिस्त्री इथूनच मागं फिरले असते. ऑइल कमी ठेवून गाडी दामटली की हीच चेन आधी ढिली होते.

धूर बघतात. सुरुवातीला पांढरट, मग साफ. निळा नाही, म्हणजे इंजिन ऑइल जाळत नाही. रेस केल्यावर काळी फुंकर येते. टर्बोच्या पाइपांवर हात फिरवतात, कुठं तेलकट ओल लागत नाही.

इंजिनाची मिस्त्रींना फार भीती नाही. हेच इंजिन स्विफ्ट डिझेलमध्ये होतं, डिझायरमध्ये होतं, टाटाच्या व्हिस्टातही होतं. फिल्टर, हीटर प्लग इंदापुरात मिळतात. पुंटोच्या ९० हॉर्सपॉवरला टर्बो मात्र वेगळा, पाती हलणारा. तो बिघडला तर पुण्याला जावं लागतं.

सकाळी ७.१५

ऊन आलंय. मिस्त्री चुंबक काढतात, फडक्यात गुंडाळतात आणि पत्र्यावरून फिरवतात. दारं धरतात, बॉनेट धरतं. मागच्या डाव्या फेंडरवर चुंबक घसरतो. तिथं पुट्टी भरलीय. “पार्किंगमध्ये खांबाला लागली होती,” मालक सांगतो. मिस्त्री डिकीचं कार्पेट उचलून आतला पत्रा बघतात. सरळ आहे, वेल्डिंग नाही. म्हणजे मार वरचाच होता.

मग सीटबेल्ट. चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढतात. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, कितीतरी गाड्या पाण्यात बसल्या. धुऊन-पुसून अशा गाड्या विकायला येतात. सीट धुता येते, पण गुंडाळलेल्या बेल्टच्या आतल्या वेढ्यात मातीची रेघ राहते. इथं बेल्ट स्वच्छ आहेत.

मीटरवर ९८,००० किलोमीटर. क्लचच्या पॅडलचं रबर एका कडेला गुळगुळीत झालंय, स्टेअरिंगची शिवण चपटली आहे. सर्व्हिसच्या पावत्या ८२,००० पर्यंतच्या आहेत. आकडे एकमेकांना धरून आहेत.

आता मिस्त्री टायरपाशी उकिडवे बसतात. पोरालाही बसवतात. टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ते थुंकी लावून पुसतात.

“वाच.”

“चौतीस सोळा.”

“चौतिसावा आठवडा, दोन हजार सोळा.”

टायरची नक्षी अजून बरीच आहे. बघणाऱ्याला वाटावं, चांगलाय. मिस्त्री नखानं रबर दाबतात. नख रुतत नाही. नक्षीच्या तळाला बारीक भेगा आहेत. रबर वाळून कडक झालंय. थंड, ओलसर रस्त्यावर असा टायर पकड धरत नाही, आणि बॅकवॉटरकडचा रस्ता पहाटे दवानं ओला असतो. असे दोन टायर. बाकी दोन २०२१ चे, नख रुततंय. स्टेपनी अजून मूळची, २०१३ ची.

पोरगा त्या चार आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढतो.

सकाळी ७.५०

ट्रायल. आधी मिस्त्री. भिगवण रस्त्याला गाडी घेतात. या बाजूला कंपन्या आहेत. पियाजिओची बस पाळीचे कामगार घेऊन चाललीय. स्पीडब्रेकरवर पुढून डावीकडं ‘टक’ आवाज येतो. लोअर आर्मचा बुश गेलाय. बॉल जॉइंट घट्ट आहे, ते आधीच जॅकवर हलवून बघितलंय.

मोकळा रस्ता आल्यावर तिसरा गिअर. दोन हजार आरपीएमपर्यंत गाडी सुस्त. मग टर्बो भरतो आणि पाठ सीटला टेकते. मागं बसलेला पोरगा हसतो. मिस्त्रीही थोडं हसतात. गाडी रस्त्याला चिकटून चालते, स्टेअरिंग जड आहे पण खरं आहे, हातात रस्ता कळतो. ही गाडी का आवडते, ते इथं बसल्यावर समजतं.

“पळतीय. आता थांबतीय का बघू.”

मागं कुणी नाही हे बघून साठला ब्रेक दाबतात. गाडी डावीकडं ओढते. परत तेच. उजवा कॅलिपर नीट चालत नाही, पॅडही संपत आलेत.

मग ते एसी लावतात. एजंट म्हणतो, “थंडीत एसी कशाला बघताय?” मिस्त्री ब्लोअरची हवा काचेवर वळवतात. बाहेर गारठा आणि आत चार माणसं असली की काच आतून धुरकटते. एसी हवेतली ओल काढतो, काच साफ होते. काही क्षणांत समोरचं स्पष्ट दिसायला लागतं. एसी चालू आहे. सकाळी ओम्नीत फडकं मारणारा पोरगा ते लक्ष देऊन बघतो.

हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात. दिवे आहेत, उजेड नाही.

सकाळी ८.४०

टपरीवर कागद. आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतो. कर्ज फिटून वर्षं झाली, मालकानं बोजा उतरवलाच नाही. बँकेची जुनी एनओसी आहे, पण मुदत संपलेली. मिस्त्री म्हणतात, ताजी आणा, सोबत फॉर्म ३५ सही-शिक्क्यानिशी. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मालकानं आमच्यासमोर सही करून द्यायचे. कोऱ्या फॉर्मवर सही नको, कुणाचीच. गाडीवर दोन ई-चलनं आहेत, ती मालकानं भरायची. चेसिस नंबर आरसीशी ताडून झालाय.

रजिस्ट्रेशन २०२८ पर्यंत. पंधरा वर्षं झाली की परत पासिंग, पर्यावरण कर. म्हणजे पोराला विकायची वेळ आली तर किंमत तेव्हाच खाली आलेली असणार. शिवाय २०२० च्या बीएस-६ नियमांच्या आतच फियाटनं इथल्या आपल्या गाड्या बंद केल्या. पुंटो आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला बनायची. तो कारखाना चालू आहे, तिथून आता दुसऱ्या गाड्या निघतात. पुंटोचा बंपर, काच, दाराचं हँडल शोधत बसावं लागतं. म्हणून तर ९० हॉर्सपॉवरची गाडी या भावात मिळतेय.

मिस्त्री डायरीतलं पान फाडून लिहितात.

टायर चार, २०,८००. बॅटरी ६,५००. ब्रेक, कॅलिपरच्या कामासह ३,८००. लोअर आर्म जोडी ५,६००. ऑइल, फिल्टर ३,९००. हेडलाइट पॉलिश आणि बल्ब १,४००. बेरीज ४२,०००.

मालकाची मागणी २,३०,०००. मिस्त्री कागद त्याच्यासमोर ठेवतात. गाडीला नावं ठेवत नाहीत. “गाडी चांगली ठेवलीय तुम्ही. पण एवढं करावं लागंल.” १,८०,००० सांगतात. मालक दोन-दहावर येतो. एजंट दोघांच्या मधे बोलतो. चहा परत येतो. शेवटी १,९२,०००.

सकाळी ९.३५

इसार ११,००० रुपये. साध्या कागदावर पावती. गाडी नंबर, ठरलेली रक्कम, दिलेला इसार, एनओसी शनिवारपर्यंत, गाडी रविवारी. एनओसी आली नाही तर इसार परत. ही शेवटची ओळ मिस्त्रींनी सांगून लिहून घेतली. दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून मिस्त्रींची.

परतताना धुकं नाही. शेटफळगढ्याच्या बाजूला उसाच्या गाड्यांची रांग. दिवसा प्रत्येक ट्रॉली लांबून दिसते.

सकाळी ११.३०

गॅरेज. हेल्परनं तोवर दोन मोटरसायकली खोलून ठेवल्यात. त्याला रोज ५०० मिळतात, जेवण घरून. एक गाडी पहाटे लागत नाही अशी तक्रार. मिस्त्री प्लग काढतात, काळा. साफ करतात, गॅप लावतात, एअर फिल्टर झटकतात. सर्व्हिसची मजुरी ३००.

मग शाळेची व्हॅन. मागचे ब्रेक शू घासलेत. ड्रम निघत नाही. लाकडी ठोकळा लावून हातोडी, परत तेल, परत हातोडी. पाऊण तास जातो. मजुरी ५००, शूचे वेगळे. व्हॅनवाला म्हणतो, पुढच्या आठवड्यात केलं असतं. मिस्त्री त्याला झिजलेला शू हातात देतात. पत्र्यापर्यंत आलेला. तो पुढं काही बोलत नाही.

दुपारी २.१५

डबा. भाकरी, पावट्याची भाजी, ठेचा. जेवताना मिस्त्री इंदापूरच्या टायरवाल्याला फोन करतात. पंधरा इंची, याच मापाचा, तारीख याच वर्षातली पाहिजे. ५,२०० ला एक. बसवणं, बॅलन्सिंग धरून. तारीख ते दोनदा सांगतात. दुकानात पडून राहिलेला टायरही नवाच म्हणून विकला जातो.

दुपारी ४.००

पहिली पाळी सुटलीय. पोराच्या पाळीतले दोघं गाडीची बातमी घ्यायला गॅरेजवर आलेत. दोघंही त्याच बाजूच्या गावांचे. हिशेब कोब्यावर खडूनं होतो.

महिन्याचे २६ दिवस, रोज ३६ किलोमीटर. ९३६ किलोमीटर. पुंटो १८ चा ॲव्हरेज देईल धरा. ५२ लिटर डिझेल. ९० रुपयांनी ४,६८०. मोटरसायकलला याच वाटेला दोन हजाराच्या आत पेट्रोल लागायचं. दोघं प्रत्येकी १,२०० देतील. पोराला पडले २,२८०.

“म्हंजे मोटरसायकलीइतकाच खर्च, आन् अंगाला वारं न्हाय,” एकजण म्हणतो.

मिस्त्री गाडीखालून बोलतात, “टायर, ऑइल, इन्शुरन्स कोण धरणार?” खडू थांबतो. महिन्याला हजार रुपये देखभालीचे बाजूला टाकायचे, असं मिस्त्री सांगतात. ते तिघांत वाटून घ्यायचे की पोरानंच भरायचे, यावर थोडी चर्चा होते. वाटून घ्यायचं ठरतं.

संध्याकाळी ६.३०

अंधार पडलाय. ट्रॅक्टर येतो, मागं रिकाम्या दोन ट्रॉल्या. मागचा दिवा लागत नाही. वायर उंदरानं नाही, उसानंच तोडलीय. भरताना मोळी अडकली. मिस्त्री वायर सोलतात, पीळ देतात, टेप गुंडाळतात, ट्रॉलीच्या पट्टीआडून नेऊन बांधतात, परत तुटू नये अशी. दिवा लागतो. हेल्पर फळीवर लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवतो, वाढं येणार नाही इतकी खाली. ड्रायव्हर बीडकडचा आहे, हंगामापुरता आलेला. ३५० रुपये झाले. तो तीनशे काढतो, बाकी उद्या म्हणतो. मिस्त्री हो म्हणतात.

रात्री ८.१०

पोरगा परत आलाय, वही घेऊन. १,९२,००० गाडीचे. एजंटचे ३,०००. मिस्त्रींचे १,२००. पेट्रोलचे ७००. उरले २३,१००. इन्शुरन्स पुढच्या महिन्यात संपतोय. या सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट ७४५. दोन्हीवर जीएसटी. धरा ४,९००. राहिले १८,२००. आणि मिस्त्रींची यादी ४२,००० ची.

इथं मिस्त्रींचं खरं काम सुरू होतं. काय आधी, काय नंतर. ते यादीवर आकडे टाकतात.

एक, ब्रेक. ३,८००. दोन, टायर. चार नाही, दोन. २०१६ चे काढायचे. १०,४००. तीन, हेडलाइट. १,४००. उरले २,६००, ते बारामती आरटीओच्या नावांतराला. ऑइल आणि फिल्टर पुढच्या पगारात, तोवर दर रविवारी पट्टी काढून पातळी बघायची. बॅटरी आठवडाभर चार्ज करून बघू, तोवर जंपर केबल गाडीत ठेव. लोअर आर्म संक्रांतीनंतर. वाजू दे तोवर.

“नवे टायर पुढं टाकायचे ना? ओढती पुढची चाकं,” पोरगा विचारतो.

“मागं.” मिस्त्री कोब्यावर खडूनं गाडी काढतात. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते. स्टेअरिंगला कळतं, पाय काढता येतो. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, काही करता येत नाही. म्हणून जास्त पकड मागं.

पोराच्या वहीत खाली आणखी एक ओळ आहे. सायलेन्सर, ८,०००. तो मोठा आवाज काढणारा. मिस्त्री ती वाचतात, बोलत काही नाहीत. पोरगाच पेन घेऊन त्यावर रेघ मारतो आणि शेजारी लिहितो, टायर पुढचे दोन, मार्च.

वेगाची हौस वाईट नाही. दिवसभर मिस्त्रींच्या मागं फिरून मलाही ती गाडी मनापासून आवडली. पण वेग स्वस्तात मिळाला तरी थांबणं विकत घ्यावं लागतं, आणि ते आधी घ्यावं.

मिस्त्री दिवसाचा हिशेब मांडतात. १,२००, ३००, ५००, ३००. दोन हजार तीनशे. हेल्परचे ५०० वजा. ट्रॉलीवाल्याचे पन्नास येणं. रविवारच्या पानावर लिहितात: सकाळी आठ, इंदापूर, टायर. तिथून गाडी थेट गॅरेजवर, दुपारपर्यंत ब्रेक, संध्याकाळी दिवे लावून हायवेला ट्रायल. मगच घरी.

सोमवारी पोराची पहिली पाळी आहे. दोघांना पावणेसहाला कुठून घ्यायचं, ते त्यानं वहीत लिहून घेतलंय.